हॉटेलचं मोजत नाहीत

माझ्या मुलीच्या कबड्डीच्या सरांचं बोलणं पहिल्या फटक्यात कळलेला माणूस पनवेल तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. आला असेल तर त्यानं मला जरूर भेटावं. मी त्याला चहा पाजीन आणि गेल्या पाच वर्षांतल्या शंका एकेक करून त्याच्यापुढे मांडीन. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करतो. माझा सगळा दिवस लोकांना ‘हे लेखी द्या’ असं सांगण्यात जातो. कुठली अट लागू, कुठली नाही, कधीपासून, हे कागदावर आल्याशिवाय मला घास उतरत नाही. आणि या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात कुणाला एक ओळ लेखी दिलेली नाही. तोंडी देतात, पण ते न दिल्यासारखंच. बरं, राग धरावा म्हटलं तर तेही जमत नाही, कारण राग नक्की कशाचा धरायचा हेच शेवटपर्यंत ठरत नाही.

पाच वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून पनवेलला आलो. आम्ही म्हणजे मी आणि मुक्ता. माझी बदली बेलापूरला झाली आणि त्याच महिन्यात बायकोची नागपूरला, त्यामुळे एक संसार दोन टोकांना गेला आणि चौदा वर्षांची मुलगी माझ्या वाट्याला आली. तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला. स्वयंपाकाशी माझा संबंध ताट समोर आल्यानंतर सुरू होतो, म्हणून दोन्ही वेळचा डबा लावला. मुक्ता नाशिकला शाळेच्या संघातून कबड्डी खेळायची. इथे आल्यावर पहिले दोन आठवडे ती शाळेतून येऊन नुसती गॅलरीत बसली. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, ‘बाबा, इथे मला कुणी ओळखतच नाही.’ मी म्हणालो, ‘होईल गं ओळख हळूहळू.’ हे मी ‘तुमची फाईल वर गेलेली आहे’ म्हणतो त्याच आवाजात म्हणालो असणार, कारण ती तडक उठून आत निघून गेली. मग मात्र मी चौकशीला लागलो. वाण्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं, की पोरींची कबड्डी म्हणजे कोन गावाकडे जाताना जे मैदान लागतं तिथले सर.

त्यांना सर ही पदवी कुणी दिली ते ठाऊक नाही. ते कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. तळोज्याच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं पाळ्या करून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, कोन गावातलेच. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्याखाली खेळाची अर्धी चड्डी, पायात कारखान्यातले जाडजूड बूट आणि हातात बारा महिने छत्री. छत्री उघडलेली मी पावसातही पाहिलेली नाही. ती दाखवायला असते: हा कोपरा, ही मध्यरेषा, हा तुझा चुकलेला पाय. गळ्यात शिट्टी असते, तीही कधी वाजत नाही. खेळ थांबवायचा असला की सर टाळी वाजवतात आणि तीसुद्धा खाली, कमरेपाशी. त्यामुळे ती फक्त त्यांच्या चपळ पोरींनाच ऐकू जाते. मला वाटायचं, असते एकेकाची लकब.

त्यांच्या त्या संघाकडे पाच मिनिटं पाहिलं आणि मला कळून चुकलं की इथे आपलं काम नाही. सात मुली, सहा वर्षं एकत्र खेळलेल्या. एकीनं नुसता खांदा वळवला की दुसरीला कळायचं आता कुणाचा पाय धरायचा. राखीव चार होत्या, त्याही पहिल्यापासूनच्या. जागा रिकामी झाली की माणूस घेतात, एवढं मला नोकरीनं शिकवलेलं आहे. इथे कसलीच जागा रिकामी नव्हती. तरी मुक्ता माझ्या बाजूला नव्या बुटांची लेस घट्ट बांधून उभी होती, तेव्हा मी पुढे झालो.

‘गाव?’ सरांनी विचारलं. मुलीचं नाव नाही, वय नाही, आधी कुठे खेळली हेही नाही.

‘तसं सातारा जिल्ह्यात,’ मी म्हणालो. ‘पण ते आजोबांनीच सोडलं. माझा जन्म ठाण्याचा. ही नाशिकला वाढली.’

‘मंजे गाव नाय,’ सर म्हणाले आणि छत्रीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिले. नंतर मला समजलं की सर कुठल्याच मुलीला नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात. कप्तान होती ती कोन. डाव्या कोपऱ्यावरची करंजा. ती राहायची पनवेलच्या कोळीवाड्यात, पण तिचं मूळ घर करंजाच्या बंदरावर. चढाई करणारी सडपातळ मुलगी तळोजा. शिवाय नेरे, आपटा, शिरढोण आणि पळस्पे. सर ओरडायला लागले की बसचा कंडक्टर थांबे पुकारतोय असं वाटायचं.

‘आम्ही आता पनवेललाच राहतो,’ मी म्हणालो. ‘तर पनवेल म्हणा.’

सरांनी छत्री उचलून काखेत मारली. ‘पनवेल आमी कोनाला देत नाय,’ ते म्हणाले. ‘ऱ्हाऊ दे. नवीन.’

झालं. मुक्ता त्या दिवसापासून नवीन आणि मी नवीनचे पप्पा. का देत नाहीत, कुणाला राखून ठेवलंय, हे विचारायला तोंड उघडेपर्यंत सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते.

वेळेचा घोळ तर विचारू नका. सरांचं घड्याळ अजून कारखान्याच्या पाळ्यांवर चालतं. ‘जनरल सुटली का या,’ असं त्यांनी सांगितलं. आता जनरल कोण आणि ती कुठून सुटणार, हे नाशिकहून आलेल्या विमावाल्याला कसं कळावं? मी तीन दिवस मुलीला चार वाजता नेऊन रिकाम्या मैदानावर उभं केलं; जनरल म्हणजे कारखान्याची दिवसपाळी, हे चौथ्या दिवशी कळलं. मग संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मिळाला आणि मला हायसं वाटलं, की चला, आता लेखी येईल. ग्रुपवर सर फक्त त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो टाकायचे. एक दिवस फोटोत साडेपाच, एक दिवस सहाला दहा कमी. हे सरावाची वेळ सांगतायत की फोटो काढला तेव्हा किती वाजले होते ते सांगतायत? मी तसं विचारलं तर उत्तरादाखल त्याच घड्याळाचा आणखी एक फोटो आला, सात मिनिटं पुढचा.

वजनाचं असंच. किशोरी गटाला वजनाची मर्यादा असते. मी म्हटलं, आमच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणतो. सर म्हणाले, ‘डागदर कागद देईल, वजन नाय देनार,’ आणि मुक्ताला घेऊन तडक भंगारवाल्याकडे गेले. माझी एकुलती एक मुलगी जुन्या फ्रीजच्या शेजारी भंगाराच्या काट्यावर उभी राहिली, भंगारवाल्यानं सवयीनं ‘लोखंड?’ असं विचारलं आणि सर गंभीरपणे ‘नाय, चढाई,’ म्हणाले. त्या दिवशी मुक्ता पनवेलला आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसली. म्हणून मीही सर्टिफिकेटाचा विषय सोडून दिला.

पण संघात घेतलंय की नाही, हे काही कळेना. रोज ती जायची, रोज धावायची, दंड-बैठका मारायची आणि सात जणी हातात हात घालून साखळीला उभ्या राहिल्या की ही फक्कीच्या पांढऱ्या रेघेबाहेर. मी एकदा सरळच विचारलं, ‘सर, हिला घेतलीत का संघात?’

‘येते ना ती?’

‘येते.’

‘मंग?’

‘पण खेळत नाही ना.’

सर माझ्याकडे अशा काळजीनं बघायला लागले, की मलाच काही झालंय की काय असं वाटावं. मग म्हणाले, ‘जेवले का तुमी?’

हा त्यांचा खास तोडगा. अडचणीचा प्रश्न आला की जेवले का. पंचांनी चुकीचा गुण दिला, जेवले का. पोलिसांनी गाडी अडवली, जेवला का बाबा. मी जेवलो होतो, मी तसं सांगितलं आणि घरी परत आलो.

यानंतर आठवड्याभरात मुक्ताला जेवायची आमंत्रणं यायला लागली. पहिलं करंजाकडे. सरांनी सांगितलंय म्हणे, आज नवीन तुझ्याकडे जेवेल. आमच्याकडे वरण-भात-भाजीची परंपरा, मासा आम्ही चित्रात पाहिलेला. ती घरी आली ती बोटांचा वास घेत आली आणि म्हणाली, ‘बाबा, सुके बोंबील. तीन खाल्ले.’ मग कोनकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. कोनच्या घरी जमिनी विकून बांधलेला तीन मजली बंगला, त्यात दोन लिफ्ट नव्हत्या एवढंच, पण जेवण मागच्या पडवीत चुलीवरचंच. तळोजाच्या अम्मीनं बिर्याणीचा दुसरा ढीग वाढताना ‘बेटा, तकल्लुफ नको,’ असं म्हटलं आणि मुक्तानं तकल्लुफ, म्हणजे संकोच, ही बिर्याणीबरोबरची कसली तरी चटणी असावी असं समजून तिला खरंच नको म्हणून सांगितलं. दीड महिन्यात सात घरं झाली. मी प्रत्येक घरी पेढ्यांचा डबा पाठवत होतो आणि मनात म्हणत होतो, माणसं लाख आहेत, पण पोरगी इथे कबड्डी खेळायला आलीय की जेवायला?

बरं, एवढ्या घरी मुलगी जेवली म्हटल्यावर आपणही बोलावलं पाहिजे. घरी डबा येणारा, तो काय सात जणींना पुरणार. मी हायवेवरच्या एका चांगल्या एसी हॉटेलात सगळ्या संघाला नेलं. पनीर मागवलं, नान मागवले, शेवटी आईस्क्रीम. मुली खूश होत्या. सर आले, पाणी प्यायले आणि वेटरला म्हणाले, ‘ही भाजी कोनी केली?’ वेटर म्हणाला, किचनमध्ये बनते. ‘कोन बनवतो?’ वेटर गोंधळून आत गेला आणि आचाऱ्याला घेऊन आला. तो बिचारा हात पुसत, काही तक्रार असेल म्हणून घाबरत आला. सरांनी त्याच्याशी हात मिळवला, तू जेवलास का म्हणून विचारलं आणि त्याला परत पाठवून दिलं. स्वतः एक घास खाल्ला नाही. मला ते लागलं. मी घरी येऊन बायकोला फोनवर म्हणालो, ‘विक्षिप्त माणूस आहे.’ ती म्हणाली, ‘तुला आवडतात ते.’ ते खोटं होतं, त्या दिवशी तरी.

तालुक्याच्या स्पर्धेला मुक्ताचं नाव बारा जणींत होतं. बाराव्या क्रमांकाचा शर्ट मिळाला, तो तिनं आदल्या दिवशी स्वतः इस्त्री केला. दुसऱ्या सामन्यात पळस्पेचा घोटा मुरगळला आणि तिला बाहेर आणलं. राखीव बाकावर मुक्ता उठून उभी राहिली, कारण पळस्पेची जागा, करंजाच्या शेजारची, तिनं रेघेबाहेरून पाहून पाहून पाठ केली होती. सरांनी बाकाकडे पाहिलं, मुक्ताकडेही पाहिलं, आणि दुसऱ्याच मुलीला आत पाठवलं. मुक्ता उभीच राहिली. शेवटी कुणीतरी तिच्या शर्टाला धरून तिला खाली बसवलं. मी गर्दीतून हे सगळं पाहत होतो आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली मी इतकी आवळली की झाकण उडून शेजारच्याच्या अंगावर गेलं.

रात्रीचा डबा तिनं उघडलाच नाही. म्हणाली, ‘बाबा, मी आईकडे जाऊ का नागपूरला?’ मी विचारलं, आई तर दिवसभर ऑफिसात असते, तिथे काय करशील? ‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘पण तिथे मी नवीन आहे असं मला रोज कुणी सांगणार नाही.’ ती गेली असती तर मी तिसऱ्या मजल्यावर एकट्याचा डबा खात बसलो असतो, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं आणि मी घाबरलो. घाबरलेला माणूस जे येतं ते करतो. मला अर्ज करता येतो.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो तो खिशात अर्ज घेऊनच. ‘विषय: संघनिवडीच्या निकषांबाबत खुलासा मिळणेबाबत.’ तीन मुद्दे, खाली सही. सरांनी तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला, ‘अक्षर चांगला हाय,’ म्हणाले, आणि त्याची गुंडाळी करून तिच्यात फक्की भरली. आदल्या रात्री मैदानात गुरं शिरून मध्यरेषा पुसली गेली होती. माझ्या डोळ्यांदेखत माझा अर्ज या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ ओढत गेला. रेघ सरळ आली, हे मान्य करावं लागेल.

मी तिथेच विटांच्या ढिगावर बसलो. कोन, म्हणजे कप्तान, पाणी प्यायला आली, माझा चेहरा पाहिला आणि शेजारी टेकली.

‘काका, तुम्ही सरांवर चिडलात ना?’

‘चिडू नको तर काय करू? पोरगी सात घरी जेवून आली. अजून काय राहिलं?’

‘ती जेवली हो,’ कोन म्हणाली. ‘आम्ही कुठे जेवलोय तुमच्याकडे?’

‘अगं, त्या हॉटेलात?’

‘हॉटेलचं मोजत नाहीत.’ ती एवढ्या सहज म्हणाली की हा नियम शाळेच्या पुस्तकात छापलेला असावा. मग माझा चेहरा बघून तिनं नीट समजावलं. साखळीत दोघींचे हात गुंतलेले असतात. समोरची जोर लावून निसटायला लागली की खांदा ओढला जातो, दुखतं, आणि हात सोडून द्यावासा वाटतो. सर म्हणतात, जिच्या घरी आपण जेवलो, आणि जी आपल्या घरी जेवली, तिचा हात सुटत नाही. म्हणून दोन्हीकडचं झाल्याशिवाय ते कुणालाच साखळीत उभं करत नाहीत. सगळ्या जणी पहिल्या वर्षी तशाच फिरल्यात.

‘मग हे त्यांनी मला सांगायला काय झालं होतं?’

कोननं आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘आम्हाला सांगतात, काका. पण नवीनकडचं जेवण सांगून बोलावलेलं असतं का?’

मी विटांच्या ढिगावरून उठलो आणि बायकोला फोन लावला.

त्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाक केला. पिठलं-भात, कारण बायको म्हणाली याच्यापेक्षा सोपं जगात काही नाही. ती नागपुरातून व्हिडिओवर होती, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवलेला. ‘पाणी आधी उकळू दे. अरे, पीठ वरून भुरभुर सोड, ओतू नकोस. ओतलंस ना?’ मी ओतलं होतं. कढईत बेसनाच्या लिंबाएवढ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. सात मुली स्वयंपाकघराच्या दारात दाटीवाटीनं उभ्या होत्या, पण कुणी आत येईना. करंजा तर घरी दहा माणसांचं रांधणारी पोर, तिनं दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले होते. हात लावला तर मोजणार नाहीत, ही भीती. ‘काका, गुठळ्या मोडा ना,’ ती कळवळून म्हणाली. तळोजा म्हणाली, ‘अंकल, भात जळतोय,’ आणि तो खरोखरच जळत होता. मुक्ता कोपऱ्यात तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मी घामानं निथळत होतो आणि मला काय झालं होतं कोण जाणे, मला फार बरं वाटत होतं.

सर आले ते छत्रीसकट आले. सगळ्यांबरोबर खाली मांडी घालून बसले, करपलेल्या भातावर पिठलं घेतलं, एक गुठळी फोडून आतलं कोरडं पीठ पाहिलं आणि खाल्लं. दुसऱ्यांदाही घेतलं. मी विचारलं, ‘चालेल का?’ तर म्हणाले, ‘जेवले का तुमी?’ आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मी वाढण्याच्या नादात खरंच जेवलो नव्हतो. मी ताट घेतलं. मग जेवता जेवता, कुणी न विचारता, सर बोलायला लागले.

‘मी इकडं लागायच्या आदी मुंबैला कंपनीच्या टीममदी होतो. दोन वर्सं. तितं सगले पयल्यापासूनचे, मी एकटा नवीन. नाव कोनी इचारला नाय. पनवेलवरनं आला म्हनून मना पनवेल म्हनायचे.’ त्यांनी भातात पिठलं कालवलं. ‘कँटीनमदी मी गेलो का टेबलाला जागा नसायची. फायनलला साखळीत उबा होतो. चढाईवाला आला, मी पाय धरला त्याचा.’

‘आणि बाजूवाल्यानं हात सोडला?’ कोननं विचारलं.

‘सोडला नाय गो,’ सर म्हणाले. ‘धरलाच नवता.’

त्यांनी डावा हात वर करून दाखवला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. सर कमरेपाशी टाळी का वाजवतात ते मला त्या दिवशी कळलं. करंजानं कढई खरवडून उरलेलं पिठलं मुक्ताच्या आणि स्वतःच्या ताटात अर्धं अर्धं घेतलं.

पुढच्या महिन्यात उरणच्या बाजूला एक स्पर्धा होती. पळस्पेचा घोटा अजून बरा नव्हता. सामना सुरू होण्याआधी मुली रेषेपाशी गेल्या, सहाच होत्या. पंचांनी सातवी कुठे म्हणून विचारलं. सर छत्री टेकून उभे होते. मग म्हणाले, ‘पनवेल, आत जा.’

कुणी हललं नाही. बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. कोन मागे वळून बघायला लागली. मीसुद्धा गर्दीत इकडेतिकडे पाहिलं, की ही कोण नवी मुलगी आणली यांनी ऐनवेळी. इतकं पिठलं ढवळून शेवटी हेच?

‘अगो पनवेल,’ सर पुन्हा म्हणाले, आणि छत्रीचं टोक मुक्ताच्या बाराव्या क्रमांकावर ठेवलं. ‘आयकू येत नाय?’

मुक्ता उठली, दोन पावलं चालली, परत आली, बुटाची लेस बांधली आणि आत गेली. करंजानं न बघताच हात पुढे केला होता. तो सामना कसा झाला हे मला विचारू नका. लोक मागाहून म्हणाले की फार चुरशीचा झाला. मी फक्त ते दोन हात बघत होतो. एकदा समोरची आडदांड मुलगी मध्यरेषेकडे झेपावली तेव्हा दोघी फरफटत गेल्या, मुक्ताचा कोपर सोलवटला, पण पंचांची शिट्टी वाजली तेव्हा हात हातातच होते. आम्ही हरलो, असं मला परत येताना जीपमध्ये कळलं. दोन गुणांनी. सगळ्या जणी रडत होत्या आणि मुक्ता सगळ्यांत जोरात रडत होती. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून रस्ताभर हसू दाबत होतो, कारण अशी सगळ्यांत मिसळून ती पनवेलला आल्यावर पहिल्यांदाच रडत होती.

नागपूरचा विषय पुन्हा निघाला नाही. मुक्ता वयात बसेपर्यंत दोन हंगाम खेळली. आता ती पुण्याला कॉलेजात असते. बायकोची बदली अजून व्हायची आहे, ती फाईल वर गेलेली आहे. कोनचं लग्न ठरलंय. करंजा बारावीनंतर नर्सिंगला गेली. मैदानाच्या अर्ध्या भागात एका इमारतीचा पाया खणलाय, उरलेल्या अर्ध्यात सर आहेत आणि नव्या पोरी आहेत. त्यातली एकही मला ओळखीची नाही. मी डबा पुन्हा लावलाय. संध्याकाळी कुलूप उघडून आत आलो की घर फार आवरलेलं दिसतं.

गेल्या महिन्यात असाच येऊन बसलो होतो, तोच बेल वाजली. दारात एक तेरा-चौदा वर्षांची किरकोळ मुलगी उभी होती, दोन वेण्या, कोरे करकरीत बूट. सरांनी पाठवलंय म्हणाली, जेवायला. मी म्हटलं, बाळ, चुकून आलीस, आमची मुलगी आता संघात नाही. ती गोंधळली. मी सरांना फोन लावला. त्यांना म्हटलं, ‘सर, अहो मुक्ता इथे नसते. आमचं घर आता कशात मोजता?’

पलीकडे मैदानावरचा गलका ऐकू येत होता. मग सर म्हणाले, ‘पनवेलचे पप्पा, जेवले का तुमी?’ आणि फोन ठेवला.

मी दारातल्या मुलीला नाव विचारलं. तिनं जरा घाबरत, पण पाठ केल्यासारखं सांगितलं, ‘नवीन.’

मी तिला आत घेतलं, पंखा लावला आणि डबा तसाच बाजूला सारून बेसन चाळायला घेतलं.